रामराम उस्ताद

उस्ताद, सादर रामराम.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. तुम्ही मंगळवेढ्याकडचे, एवढंच ठाऊक. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

१९७० साली बेळगावच्या मराठा सेंटरवर, म्हणजे मराठा पलटणींच्या प्रशिक्षण केंद्रावर, तुमच्या हाताखाली शिकायला आलेला, सोलापूरच्या जुन्या मिलच्या चाळीतला पोरगा मी. साडेचार किलोंची एसएलआर रायफल तासभर धरली की खांदा भरून यायचा. तुम्ही सांगायचात, "बासष्टला चीनशी आपली पोरं जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल घेऊन लढली. दर गोळीला बोल्ट ओढा, मॅगझिनमध्ये गोळ्या दहा. तुम्हाला वीस गोळ्यांची मिळालीय, तिला जीव लावा." फुलतरूला, म्हणजे बॅरलमधून ओढायच्या दोरीला, चिंदी लावून बॅरल साफ करून करून बोटं काळी पडायची. तरी तुम्ही बॅरल उजेडाला धरायचात आणि परत पाठवायचात.

पण खरे आभार त्या रुमालाचे. डोळ्यांवर रुमाल बांधून खोलना-जोडना. गॅस प्लग, पिस्टन, स्प्रिंग ओळीनं सतरंजीवर. तुम्ही गुपचूप स्प्रिंग उचलून घ्यायचात, आणि ती नाही हे आम्ही नुसत्या हातानं ओळखायचं! मग गॅस रेग्युलेटर, म्हणजे पिस्टनला किती गॅस मिळतो ते ठरवणारी फिरती कडी. उडालेल्या गोळीची रिकामी केस, म्हणजे पुंगळी, अडकली तर तो किती खाचा फिरवायचा, हे बोटांना पाठ होईतो सुट्टी नाही. तेव्हा मला तुमचा फार राग यायचा.

१० डिसेंबर १९७१ च्या रात्री आमची पलटण, १ मराठा, ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. शत्रू वेढा फोडायला बाहेर पडला आणि ऐन वेळी माझी रायफल थांबली. रिकामी केस अडकलेली, नदीकाठची माती आत गेलेली. अंधारात काही दिसत नव्हतं. मूठ ओढून कॉक केली, बोट घालून केस काढली, रेग्युलेटर फिरवला आणि परत नेम धरला. तुमची आठवण काढायलाही वेळ नव्हता उस्ताद, हात आपोआप चालले. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं.

लोक जमालपूरचं सांगतात तेव्हा आपल्या ब्रिगेडियरनं पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून पाठवलेली चिठ्ठी आणि त्यानं उत्तरात पाठवलेली बंदुकीची गोळी सांगतात. सांगावंच, तो इतिहास आहे. पण मी आज नातवंडांत बसलोय तो तुमच्यामुळे, हेही कुणीतरी लिहायला हवं होतं. फार उशीर केला.

तुम्ही किंवा घरच्या कुणी हे वाचलं, तर सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात निरोप ठेवा. मी मंगळवेढ्याला येतो, पाया पडायला.

तुमचाच रिक्रूट,
सोलापूर