तळ्याचा काठ उपटण्याआधी चतुर मोजा

संपादक महोदय,

तळ्यांच्या सुशोभीकरणाची बातमी आली की पक्ष्यांचं काय होणार, हे लगेच विचारलं जातं. चतुर आणि टाचण्यांची, म्हणजे पाण्याकाठी भिरभिरणाऱ्या लांब शेपटीच्या कीटकांची, चौकशी कुणी करत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही चार-पाच जण रविवारी पाषाण तलावाकाठी त्यांची मोजणी करतो. ऊन वर आलं की ठरलेल्या पट्ट्यातून सावकाश चालायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. बसल्यावर पंख पसरलेले असले तर चतुर. पंख पाठीवर मिटलेले आणि डोळे एकमेकांपासून लांब असले तर बहुधा टाचणी. लहानपणी यांच्याच शेपटीला दोरा बांधून आम्ही हेलिकॉप्टर उडवायचो. ते पाप फेडतोय म्हणा.

पण नुसते उडणारे मोजून भागत नाही. पावसाळा सरताना मैदानांवर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर (पँटाला फ्लॅव्हेसेन्स) लांब पल्ल्याचे प्रवासी. समुद्र ओलांडून जाणारी जात ती. त्यांच्या गर्दीवरून तळ्याची तब्येत कळत नाही. ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारिंगी चतुर तर सांडपाण्यातही सुखाने नांदतो. तो खूप दिसला, तर उलट काळजी करावी.

खरा पुरावा म्हणजे कात. पाण्यात वाढलेलं पिल्लू लव्हाळ्याच्या काडीवर चढतं, कात टाकतं आणि उडून जातं. रिकामी कात काडीलाच चिकटून राहते. ती सापडली, म्हणजे हा जीव इथेच वाढला.

आणि नेमकी तीच काडी सुशोभीकरणात आधी जाते. जलपर्णी काढा, जरूर काढा. पण तिच्याबरोबर लव्हाळे आणि पाणकणीसही उपटून दगडी पिचिंग, म्हणजे काठावर दगडांचं अस्तर, कशाला? टाचण्या अंडी घालतात ती वनस्पतींच्या देठा-पानांत. दगडात कुठे घालणार? शहरातल्या दुसऱ्या एका तळ्यावर पिचिंगनंतर आम्ही तासभर शोधलं, एक कात मिळाली नाही. हीच पिल्लं डासांच्या अळ्या खातात. त्यांना घालवायचं आणि मग डासांसाठी धुरळणी करायची, असा आपला हिशेब.

कुठल्याही तळ्याला हात लावण्याआधी तिन्ही ऋतूंत मोजणी व्हावी, आणि जिथे काती सापडतील तेवढा काठ तरी जसाच्या तसा राहू द्यावा. आमच्या वह्या हव्या असतील तर देऊ. अक्षर माझं आहे, तेवढं सांभाळून घ्यावं लागेल.

– एक वाचक, पाषाण, पुणे