सिंकखालची फळी

जुळे सोलापूर,
४ फेब्रुवारी

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एकही पत्र लिहिले नाही आणि संक्रांतीला तिळगूळ पाठवला त्यातही चार ओळी नव्हत्या, याचे मला फार वाईट वाटत आहे. आमच्याकडे सर्व ठीक आहे. माझी साखर आटोक्यात आहे, सासूबाईंचा गुडघा आहे तसाच आहे. पत्राचे कारण निराळे आहे. परवा रात्री मी मोरीत एका बादलीत लाकडाचे तीन तुकडे भिजत घातले होते, आणि सकाळी त्यांतला एक हातात घेतल्याबरोबर मला तुझ्या कोथरूडच्या सिंकखालचे कपाट आठवले. घरात हे कुणाला सांगून समजले नसते, म्हणून तुला लिहीत आहे.

आमचे स्वयंपाकघर आता करायला घेतले आहे. १९९८ साली घर बांधले तेव्हाचा तोच ओटा, तेच कडप्प्याचे कप्पे आणि त्यांना मागाहून लावलेली ती निळसर दारे तुला आठवत असतीलच. त्यांतली दोन दारे आता भिंतीला टेकवून ठेवली आहेत, कारण बिजागऱ्यांना धरायला लाकूडच उरलेले नाही. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा झाली की काम काढायचे असे ठरले होते. यांनी भिशीचे आणि ठेवीचे मिळून सव्वादोन लाख बाजूला काढले आहेत, आणि त्यात पंधरा-वीस वर्षे टिकेल असे काम व्हावे, एवढीच माझी इच्छा आहे. फार भारी नको, पण चार पावसाळ्यांत रडायला लावणारेही नको. ही मधली वस्तू शोधणे इतके कठीण असेल असे मला वाटले नव्हते.

तीन ठिकाणांहून दर आणले. होटगी रस्त्यावरच्या एका दुकानाने कारखान्यात तयार होणाऱ्या, पार्टिकल बोर्डाच्या म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या कपाटांचे एक लाख साठ हजार सांगितले. आमच्या सुतारमामांनी प्लायवूडमध्ये जागेवर करून देण्याचे दोन लाख तीस हजार सांगितले. तिसऱ्या ठिकाणी काचेसारखी चकचकीत ॲक्रिलिकची दारे होती आणि आकडा पावणेचार लाखांचा होता, तेव्हा तिथून आम्ही चहा घेऊन परत आलो. पहिला आकडा ऐकून हे तिथेच सही करायला निघाले होते. मी तो कागद घरी आणून रात्री नीट वाचला, तेव्हा लक्षात आले की त्यांनी फक्त दारांच्या दर्शनी भागाचे चौरस फूट धरले होते. ट्रॉल्यांच्या जाळ्या वेगळ्या, माळ्याची दारे वेगळी, हँडल वेगळी, वाहतूक आणि बसवणूक वेगळी. सुतारमामांनी रनिंग फुटाने, म्हणजे ओट्याच्या लांबीवर, हिशोब करून त्यातच सगळे धरले होते. दोन्ही हिशोब एकाच नकाशावर मांडून घेतल्यावर पहिल्याचे दोन लाख पाच हजार झाले. म्हणजे सत्तर हजारांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात पंचवीस हजारांचा होता. वर्गात मुलांना एकक समान केल्याशिवाय वजाबाकी करू नका असे तू किती वर्षे सांगत होतीस!

मग त्या पंचवीस हजारांत नेमके काय मिळते, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. तीन प्रकारच्या फळ्यांचे कापून उरलेले हातभर तुकडे मागून आणले: एक पार्टिकल बोर्डाचा, एक बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या, प्लायचा आणि एक त्या एचडीएचएमआर म्हणतात त्याचा, जो लाकडाचा बारीक तंतू घट्ट दाबून केलेला असतो. तिघांची जाडी १८ मिलिमीटर होती, ती मी कंपासपेटीतल्या पट्टीने मोजून वहीत लिहिली आणि तुकडे रात्रभर बादलीत ठेवले. सकाळी प्लाय होता तसाच होता. एचडीएचएमआर किंचित, अर्धा मिलिमीटर म्हण, फुगला होता. पार्टिकल बोर्डाची मात्र कापलेली कड २३ मिलिमीटरवर गेली होती, आणि तिच्यावर अंगठा दाबला तर आमटीत चुरलेली कडक भाकरी जशी फुगून सुटी होते तसा भुसा बोटांना लागला. वरचा सनमायका त्याही अवस्थेत अगदी नवा दिसत होता. ते पाहून मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले.

मंदा, २०११ साली तुझ्या फ्लॅटचे काम चालले होते तेव्हा मी चार दिवस तुझ्याकडे होते आणि तुला सांगत होते की वरून सनमायका असला की आत काय आहे ते कोण पाहते, उगीच चाळीस हजार जास्त कशाला घालतेस. तू माझे ऐकलेस. चार वर्षांत सिंकखालचा तळ फुगला, स्क्रू भुशातून निसटले आणि दार तुझ्या हातात आले. त्यानंतर फोनवर मी तुला जे बोलले, की तुमचाच नळ गळतो, फळीला कशाला दोष देतेस, ते मला शब्दन् शब्द आठवते. तू त्यावर पाच महिने माझ्याशी बोलली नाहीस आणि तुझे बरोबर होते. नळ गळत होता हे खरे. पण सिंकखाली नळ कधीतरी गळणारच, हे धरूनच तिथली फळी निवडायला हवी होती. प्लंबरने पाइपासाठी फळीला भोक पाडले होते आणि त्या भोकाची कड उघडीच राहिली होती. पाणी तिथूनच आत गेले असणार. हे मला आता कळले. तेरा-चौदा वर्षे उशिरा का होईना, चूक माझी होती, हे मला तुला लेखी द्यायचे आहे.

तुझ्या त्या फ्रीजशेजारच्या दाराचीही आठवण झाली. कुणी आत आले की ते आपोआप उघडून पाहुण्याच्या गुडघ्यावर आपटायचे आणि भावजींनी त्याचे नाव ‘स्वागताध्यक्ष’ ठेवले होते. त्या दिवशी आपण तिघेही पोट दुखेपर्यंत हसलो होतो, आणि आत्ता हे लिहितानाही मला हसू आवरत नाही.

पार्टिकल बोर्ड वाईटच असतो असे मात्र मी म्हणणार नाही. भिंतीवरच्या कोरड्या कपाटांना, चारही कडांना मशीनने नीट एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावलेला असेल तर, तो पुष्कळ वर्षे चालतो. आपल्या सोलापुरात अडचण पाण्याची आहे. चार-पाच दिवसांनी पाणी येते, तेही कधी रात्री दोनला, तेव्हा ओट्याखाली पिंप, कळशा, बादल्या भरून ठेवाव्या लागतात. शिवाय आमच्या बोअरचे पाणी इतके जड आहे की नळाच्या बुडाशी पांढरा थर जमतो. सासूबाईंना स्वयंपाकघराची फरशी रोज धुतल्याशिवाय चैन पडत नाही आणि या वयात त्यांना ते सोडा असे मी सांगणार नाही. म्हणून खालची कपाटे चार इंची प्लास्टिकच्या पायांवर उभी करून पुढे काढता येणारी पट्टी लावायची, म्हणजे ओले फडके लाकडाला लागणार नाही आणि वाळवी लागली तरी वाकून पाहता येईल, असे ठरवले आहे.

प्लायच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवावे लागतात. एका दुकानात प्लायच्या फळीवर ‘७१०’ एवढाच आकडा छापलेला होता. आयएसआयचे चिन्ह नाही, परवाना क्रमांक नाही. मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायचे भारतीय मानक आयएस ७१० हे आहे, साध्या प्लायचे आयएस ३०३, आणि खऱ्या फळीवर चिन्हाशेजारी सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. यांनी भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो क्रमांक घालून पाहण्याची पद्धत शिकून घेतली आहे आणि आता प्रत्येक दुकानात तेच पुढे होतात. त्या दुकानदाराला क्रमांक विचारला तर तो म्हणाला, “काकू, इतकी वर्षे कुणी विचारला नाही.” आम्ही दुसरीकडून घेतला. त्याचाही एक तुकडा मी जुन्या पातेल्यात चार तास उकळला. मानकात डिंकाची कसोटी ७२ तास उकळून पाहायची असते, तेवढा गॅस मी जाळणार नव्हते. पण चार तासांनंतरही त्याचा एकही पापुद्रा सुटला नाही, एवढे समाधान झाले.

दारांच्या रंगावरून घरात तीन दिवस वाद चालला. चिरंजीव पुण्याहून व्हिडिओ कॉलवर ॲक्रिलिकच हवे म्हणतात, आणि त्या चकाकीवर फोडणीच्या हाताचा एकेक ठसा कसा दिसतो ते मी त्यांना दाखवू शकत नाही. मेंब्रेनची, म्हणजे वरून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेली, नक्षीदार दारे मला आवडली होती, पण गॅसच्या शेजारी आच लागून त्यांचा पापुद्रा सुटतो, आणि इथे मे महिन्यात स्वयंपाकघर तसेही भट्टीसारखे तापते. शेवटी बाहेरून एक मिलिमीटरचा मॅट सनमायका, आतून पांढरा, एवढे नक्की केले. पांढरा अशासाठी की झुरळ आणि पाणी दोन्ही लगेच दिसतात.

तुझ्या मतावाचून अडले आहे ते ओट्याच्या उंचीचे. सगळे ३४ इंच म्हणतात. मी परातीखाली पाट ठेवून तेवढ्या उंचीवर भाकरी थापून पाहिली, तर तिसऱ्या भाकरीला खांदे वर चढले. भाकरीला वरून भार द्यावा लागतो, पोळी लाटण्याइतके ते सोपे नाही. सासूबाईंना तर ते छातीशी येते. सुतारमामांनी सुचवले की सगळा ओटा ३४ ठेवून गॅसच्या उजवीकडचा अडीच फुटांचा तुकडा ३१ वर उतरवू. दिसायला तो पायरीसारखा दिसेल, हे मला मान्य आहे. पण रोज आठ-दहा भाकरी थापायच्या आहेत.

ट्रॉल्यांचे सांगते. दारामागे कप्पे ठेवून वाकून डबे काढणे आता मला जमत नाही, म्हणून ओट्याखाली तीन मोठे ड्रॉवर घेत आहे, ४५ किलो पेलणाऱ्या आणि पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनेलचे, कारण ज्वारीच्या पिठाचा आणि शेंगदाण्यांचा डबा त्यांतच बसायचा आहे. जाळ्या ३०४ दर्जाच्या, सहसा न गंजणाऱ्या स्टीलच्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण स्वस्तातल्या २०२ स्टीललाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मी ‘३०४’ बिलावर लिहून मागितले आहे. बिजागऱ्या चांगल्या कंपनीच्या, सावकाश मिटणाऱ्या घेतल्या. हँडल साधी आहेत.

आणि सिंकखाली काय, हे मी सर्वांत शेवटी ठरवले. तिथे लाकूडच नको. जुना कडप्प्याचा कप्पा आहे तसा ठेवायचा, फक्त घासून पुसून घ्यायचा आणि पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीचे दार लावायचे. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, लिंबू-चिंच सांडली तर डाग धरतो, पण पाण्याने फुगत नाही. २७ वर्षे तो तिथे पिंपाखाली ओला उभा आहे. यामुळे साडेसात हजार वाचले आणि आकडा आमच्या बेतात बसला. सुतारमामा म्हणाले, “मॅडम, हे आधीच बोलला असता तर मी नकाशा दोनदा काढला नसता.”

भावजींच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले हे वहिनींकडून कळले. थेंब वेळेवर घालत आहेत ना? नातीचे बारसे पुण्यात की सांगलीला, ते कळव, मी येणार आहे. तू शिकवणी बंद केलीस हे ऐकून बरे वाटले, तू फार दमत होतीस.

नकाशाची प्रत सोबत ठेवली आहे. पूर्वी माझ्या प्रश्नपत्रिका लाल शाईने तपासायचीस तशीच ही तपास. रविवारी संध्याकाळी पाच वाजता सुतारमामा पन्नास हजार आगाऊ न्यायला येणार आहेत, त्याआधी तुझा फोन आला तर मला फार आधार वाटेल. काम झाल्यावर हुतात्मा एक्स्प्रेसने चार दिवस ये. शेंगाचटणी कुटून ठेवते.

तुझी,
शैला

ता. क. तुझ्या सिंकखाली अजून तीच फळी असेल तर तिचे माप पाठव. उरलेल्या प्लायमधून सुतारमामा तुला तळ कापून देतील, चारही कडा आणि पाइपाचे भोक बंद करून. तो मी स्वतः घेऊन येईन.