दाढेला लांबी भरणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

अडीच वर्षांपूर्वी तुम्ही धाकटीच्या चार दाढांवरच्या सऱ्या कीड लागायच्या आधीच सीलंटनं, म्हणजे लावल्यावर घट्ट होणाऱ्या पातळ लेपानं, रंगाऱ्याच्या लांबीसारख्या बुजवल्यात. त्या दाखवायला परवा तिला घेऊन आलो होतो. तुम्ही तिच्या तोंडात आरसा फिरवलात, चारी दाढांवरून ती टोकदार सळई हलकेच ओढून बघितलीत आणि म्हणालात, "काही नाही. सहा महिन्यांनी या." बाहेर येऊन गाडीला किक मारताना मनात आलं, ठणकणारी दाढ बरी झाली की माणूस डॉक्टरला पेढे नेऊन देतो. जी ठणकलीच नाही तिचे पेढे कोण देणार? तुम्हाला तर पेढे बघूनही राग येतो. म्हणून हे पत्र. उघडच लिहितोय, आमच्या भागातल्या चार आईबापांच्या नजरेला पडलं तर बरं.

थोरल्याचं तुम्हाला एकदा ओझरतं बोललो होतो, आज पूर्ण सांगतो. तो दुसरीत असताना खालची मागची दाढ काळी पडायला लागली. आम्ही म्हटलं, दुधाची आहे, पडेल. ठणका लागला की लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायचा, रात्र निभवायची. सीझनात गुऱ्हाळ सोडून जायला कुणाला होत नव्हतं, हे निमित्त होतंच. दहाव्या वर्षी गाल टम्म सुजला तेव्हा पळालो. दाढ काढावी लागली. आणि काढल्यावर कळलं, ती दुधाची नव्हतीच! सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे ती आपली गुपचूप उगवते. तिला जागा करायला एकही दात पडत नाही, त्यामुळं घरात कुणाला पत्ता लागत नाही. जन्माला पुरायची दाढ आम्ही चार वर्षांत घालवली. पोरगा आता सोळाचा आहे, भाकरी अजून उजवीकडूनच चावतो.

त्यामुळं शाळेच्या तपासणीत तुम्ही बॅटरी मारून धाकटीचं तोंड बघितलंत आणि चिठ्ठी पाठवलीत, तेव्हा मी घाबरूनच आलो होतो. तिला साडेसहा वर्षं झाली होती. तुम्ही म्हणालात, कीड नाहीये, म्हणूनच बोलावलंय. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. दुखत नसताना दाताच्या डॉक्टरकडं जायची आमच्यात पद्धत नाही.

मग तुम्ही दाढेचा फोटो काढून मोबाईलवर मोठा करून दाखवलात. वरून सपाट दिसणाऱ्या दाढेवर कसल्या घळी होत्या! ब्रशचा केस त्यांच्यापेक्षा जाड, म्हणजे कितीही घासलं तरी तळ साफ होत नाही. शेतकऱ्याला सरी समजवायला लागत नाही. पाणी सोडलं की ते सरीतच थांबणार, आणि दाढेवर गोड सोडलं की ते तिथंच थांबणार. तोंडातले जंतू त्या गोडाचं आम्ल करतात आणि वरचं कवच हळूहळू विरघळतं. मी विचारलं, "पण गूळ तर चांगला ना, साखरेपेक्षा?" तुम्ही हसलात. "जंतूंना दोन्ही सारखंच. गूळ वर चिकटून बसतो." काहिलीवर उभं राहून पोरं जोपासलेला माणूस मी, गरम गूळ बोटावर घेऊन चाखतच ती मोठी झाली. धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण खरं ते खरं.

ते वीस-पंचवीस मिनिटांचं काम मी खुर्चीशेजारी उभा राहून बघितलं. ना सुई, ना ते घर्रर्र करणारं मशीन. गालाच्या आत कापसाच्या वळकट्या, लाळ ओढणारी नळी, दाढ घासून स्वच्छ. मग निळ्या जेलीचा ठिपका सऱ्यांवर. "वीसपर्यंत मोज," तुम्ही म्हणालात, आणि तोंड आ केलेलं असल्यामुळं धाकटी बोटांवर मोजत होती. जेली धुऊन हवेनं वाळवली तर मघाशी चकचकणारी दाढ चुना फासल्यासारखी पांढरीफटक. मी दचकलो. तुम्ही शांतपणे सांगितलंत की असंच व्हायला पाहिजे, तशी दिसली नाही तर सीलंट धरणार नाही. त्यावर पातळ थेंब सोडलात, सळईच्या टोकानं सरीसरीत फिरवलात, वर निळा दिवा धरलात, दिवा टुंई वाजला आणि थेंब घट्ट झाला. शेवटी रंगीत कागद चावायला लावून उंचवटा राहिलाय का ते बघितलंत. अशा चार दाढा.

ती जेली म्हणजे फॉस्फरिक ॲसिड, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडं रस निवळायला आम्ही भेंडीची चिकट वापरतो, पण काही गुऱ्हाळांत फॉस्फरिक ॲसिडही घालतात, कॅन मी बघितलेत. तेव्हा तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, ती मी त्यानंतर किती जणांना सांगितली असेल! अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल ब्युनोकोर नावाचे दंतवैद्य होते. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूला आधी फॉस्फरिक ॲसिड लावतात, हे त्यांना माहीत होतं. तेच दाताच्या कवचावर लावून बघितलं तर कवच बारीक खरबरीत होतं आणि त्यावर चिकटवलेलं घट्ट धरतं. 1955 साली त्यांनी ते छापलं. सऱ्या बुजवायचे पहिले प्रयोग पुढं त्यांनीच सहकाऱ्याबरोबर 1967 साली मांडले. आमचा पेंटर ट्रॉली रंगवताना गंज काढून, घासून, मग प्रायमर मारतो, आणि खड्ड्यात लांबी भरतो. घरी येऊन मी आईला एवढंच म्हटलं, "दाढेला लांबी भरली." तेव्हापासून आमच्या घरात सीलंट हा शब्दच नाही.

त्याच दिवशी तुम्ही मला म्हणालात, "आता तुम्ही बसा." मी म्हटलं, मॅडम, एक्केचाळीस झाले, आता कशाला? तर म्हणालात, दाढेला वय कळत नाही. सरी खोल आहे का आणि कीड आत शिरलीय का, एवढंच बघायचं. माझ्या एका दाढेत खड्डा निघाला, तिथं सिमेंट भरलंत. दुसरीत नुसता तपकिरी डाग होता, खड्डा नव्हता. तिच्यावर सीलंट टाकलंत, वरून रसद बंद झाली की आतली कीड उपाशी पडते म्हणून. तिसरी स्वच्छ पण खोल, तीही बुजवलीत. या वयात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण सगळ्यात जास्त आभार आईच्या वेळचे. तिला घेऊन आलो ते मीच हट्टानं, म्हटलं सगळ्यांचं झालं, तिचंही करा, पैसे देतो. तुम्ही बघितलंत आणि नाही म्हणालात. तिच्या दाढा झिजून गुळगुळीत झाल्यात, बुजवायला सरीच उरली नाही. तिचा धोका हिरडीशी आहे, हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडलीत, त्यात रक्तदाबाच्या गोळीनं तोंड कोरडं. तिथं तुम्ही फ्लोराइडचं वार्निश लावलंत आणि मशेरी बंद करा म्हणून सांगितलंत. पैसे देऊ करणाऱ्याला नाही म्हणणारा डॉक्टर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहितोच. सहा महिन्यांनी धाकटीच्या एका दाढेवरचा तुकडा निघालेला होता. मी मनात म्हटलं, झालं, पैसे पाण्यात. तुम्ही सरळ म्हणालात, "त्या दिवशी इथं लाळ गेली असणार, माझं लक्ष चुकलं," आणि परत करून दिलंत, एक पैसा न घेता. तेव्हाच हेही बजावलंत की ही लांबी फक्त वरच्या सऱ्यांपुरती. दोन दाढांच्या मधल्या फटीत ती काही करत नाही, तिथं दोराच लागतो, आणि ब्रश सुटत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा आकडाही तुम्ही तेव्हाच सांगितलात. मागच्या दाढांची 80 टक्के कीड सीलंट दोन वर्षं अडवतं, चार वर्षांपर्यंत निम्मी. आमच्या पोरीची अडीच वर्षं झाली, चारी दाढा शाबूत. बाराव्या वर्षी मागून आणखी चार येतील, तेव्हा सीझन असो नसो, घेऊन येतो.

दसरा झाला की चुलवाण पेटेल. एकदा या गुऱ्हाळावर. काकवी पुढं करणार नाही, झणझणीत झुणका-भाकरी करू.

आपला,
थोरल्याचा आणि धाकटीचा बाप

ता. क. आईनं कळवायला सांगितलंय, मशेरी आता दिवसातून एकदाच लावते. दोनदा लावते, मी बघितलंय. पण आधी पाच वेळा होती.