वस्तरा अजून वॉर्डात कसा?

संपादक महोदय,

शस्त्रक्रियेआधी वस्तऱ्याने केस काढल्यास त्वचेवर बारीक जखमा होतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच स्पष्ट सांगितले आहे: शक्यतो केस काढूच नका, अगदी गरज पडली तर क्लिपर (केस बारीक कापायचे यंत्र) वापरा. तरी कित्येक वॉर्डांत पूर्वापार चालत आलेला वस्तराच फिरतो. परिचारिकांना हे माहीत असते, पण ‘सरांची ऑर्डर’ म्हटले की विषय संपतो. रुग्णालयांनी आठवड्यातून तासभर, तोही ड्युटीच्या वेळेत (साप्ताहिक सुटीत नको!), नवे संशोधन वाचायला द्यावा. पुराव्यानिशी शंका काढणाऱ्या सिस्टरला संसर्ग नियंत्रण समितीपुढे बोलू द्यावे. आणि क्लिपरच्या खरेदीची फाइल तेवढी अडकवू नये.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा