हीटरची वीज भिंतीतून घ्या, गाडीच्या बॅटरीतून नको

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली पुष्कळ मुलं आता कॅनडा, स्वीडन, फिनलंडला शिकायला आणि नोकरीला आहेत. प्रवेश, व्हिसा, कर्ज यांवर आपल्याकडे भरपूर छापून येतं. तिथल्या हिवाळ्यात गाडी कशी सांभाळायची, हे मात्र कुणी सांगत नाही. मग मुलं घरी व्हिडिओ कॉल करतात आणि घरचे तो मोबाईल घेऊन माझ्याकडे येतात. उद्यमबागेत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांची, कामं आता आमच्याकडेही येतात. म्हणून हे पत्र.

माझा भाचा उत्तर फिनलंडमध्ये ओउलूला असतो. तिथं पारा उणे २५ च्याही खाली जातो. त्यानं जुनी हायब्रिड घेतली. आधीच्या मालकानं तिला पेट्रोलवर जळणारा हीटर बसवून घेतला होता. गाडी काढण्याआधी अर्धा तास तो टायमरवर लागतो आणि इंजिनात फिरणारं पाणी, म्हणजे कूलंट, गरम करतो. जानेवारीत गाडी सकाळी मेलेली सापडू लागली. तिथल्या एका गॅरेजवाल्यानं नवी बॅटरी घालून पैसे घेतले, आठवड्यात पुन्हा तेच. पोरगा विचारत होता, "मामा, हायब्रिडमध्ये एवढी मोठी बॅटरी असताना एवढ्याशा हीटरला वीज कशी पुरत नाही?"

हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून नीट सांगतो. हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. मोठी, शेकडो व्होल्टची, मोटार फिरवते. गाडी बंद केली की रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, सुटतात आणि ती बाकीच्या वायरिंगपासून तुटते. त्यानंतर गाडीत जे काही चालतं ते १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. साध्या गाडीत ही बॅटरी इंजिनाला स्टार्टर मारते, म्हणून दणकट लागते. हायब्रिडमध्ये स्टार्टरचं काम मोठी बॅटरीच करते. छोटीनं फक्त कॉम्प्युटर जागा करायचा आणि रिले ओढायचे, त्यामुळे कंपन्या ती लहानच देतात. भाच्याचा हीटर जाळतो पेट्रोल, पण त्याचा पंप, पंखा आणि सुरुवातीला लाल होणारी ग्लो पिन करंट ओढतात ते या छोट्या बॅटरीतून. जोडीला केबिनचा ब्लोअर लागला की ओढ आणखी वाढते. त्यात थंडीनं बॅटरीची ताकद आधीच निम्म्यावर आलेली असते. आणि ऑफिस दहा मिनिटांवर, तेवढ्या वेळात ती पुन्हा भरत नाही. खात्यातून शंभर काढायचे आणि चाळीसच भरायचे, तर पासबुक नवीन घेऊन काय उपयोग? हे हीटर बनवणाऱ्या कंपन्यांचा सल्लाच आहे की जितका वेळ हीटर लावला, तितका वेळ गाडी चालवावी.

ओउलूत घराच्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसमोर विजेचा खांब असतो, त्यात टायमरही असतो. मी त्याला म्हटलं, अरे, खांब दाराशी असताना बॅटरीला का छळतोस? त्यानं इंजिनाला विजेचा हीटर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला छोटा चार्जर बसवून घेतला. नॉर्वेची डेफा, स्वीडनची कॅलिक्स या कंपन्यांचे असे संच मिळतात, दोन्ही एकाच प्लगवर चालतात.

दुसरा प्रकार जास्त काळजीचा आहे. आमच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा कॅनडात सस्काटूनला आहे. त्याच्या हायब्रिडला ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिनात बसणारा विजेचा हीटर आहे, पण गाडी रस्त्यावर उभी राहते, जवळ सॉकेट नाही. वडील विचारायला आले, १२ व्होल्टवर इन्व्हर्टर लावून चालेल का? हिशोब करा. ४०० वॅटचा हीटर म्हणजे १२ व्होल्टवर ३३ अँपिअर, इन्व्हर्टरचा तोटा वेगळा. ४५ अँपिअर-अवरची चांगली बॅटरीही उबदार हवेत जेमतेम तासभर टिकेल, उणे तापमानात त्याच्या निम्माही वेळ नाही. इंजिन तापायला तर दोन-तीन तास लागतात. म्हणजे इंजिन थंडच राहणार आणि वर गाडी जागी होणार नाही. टोयोटाच्या जुन्या प्रियस हायब्रिडमध्ये तर बॅटरी डिकीत आणि डिकीचं कुलूपही विजेवर उघडणारं. ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांनी बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधलं जंप स्टार्टचं टर्मिनल आजच पाहून ठेवावं. त्या मुलाला मी एकच सांगितलं, भाडं थोडं जास्त पडलं तरी प्लग असलेलं पार्किंग घे.

आता आयांसाठी. कुंदा, मेतकूट, चटण्यांबरोबर बॅगेत खडेबाजारातला एक्स्टेन्शन बोर्ड जातो, हे मी स्वतः पाहिलं आहे. तो घरात लॅपटॉपला ठीक. गाडीच्या हीटरला लावू नका, हात जोडून सांगतो. एक तर कॅनडात वीज १२० व्होल्टची, तिथले प्लग निराळे, म्हणून मुलं मध्ये दोन पिनचा ॲडॅप्टर घालतात आणि तिथंच अर्थिंग तुटतं. हीटर बसतो इंजिनाच्या धातूत. त्याचं इन्सुलेशन गेलं तर अर्थिंगशिवाय गाडीच्या अख्ख्या बॉडीत करंट उतरतो, आणि पोरगं ओल्या बर्फात उभं राहून दाराला हात लावतं. दुसरं, आपली पीव्हीसीची वायर कडक थंडीत काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की तडकते. तिथल्या दुकानात बाहेर वापरायची, थंडीतही मऊ राहणारी तीन पिनची केबल मिळते. तीच घ्यावी, हीटरच्या वॅटला पुरेल अशा जाडीची.

टायमर लावून निघण्याआधी दोन-तीन तास हीटर चालू झाला की पुरतं. रात्रभर ठेवल्यानं इंजिन जास्त गरम होत नाही, बिल तेवढं वाढतं. इंजिन गरम असलं की हायब्रिडचा खरा फायदा मिळतो, नाहीतर सिग्नलला उभं असतानाही ती कूलंट तापवायला पेट्रोल जाळत बसते. पेट्रोलवरचा हीटर बंद गॅरेजमध्ये कधीही लावू नये. त्याचा धूर इंजिनाच्या धुरासारखाच जीव घेतो.

इथल्या हायब्रिडवाल्यांनाही यातलं एक लागू पडतं. आंबोलीला गाडी "रेडी" न करता तासन्‌तास गाणी लावून बसू नका, छोटी बॅटरी बसते.

आपल्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना विनंती आहे की परदेशी निघालेल्या मुलांना एक तास बसवून एवढं शिकवावं. बोलावलं तर मी ब्लॉक हीटरचं चित्र आणि मल्टिमीटर घेऊन येईन, पैसे नकोत. जानेवारीच्या प्रवेशाची मुलं डिसेंबरअखेर निघतात, त्याआधी हे पत्र छापलंत तर उपकार होतील.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
उद्यमबाग, बेळगाव