सूचना: रविवारची बैठक, आणि जुने होल्डर सोबत आणा

सर्व वायरमन बंधू-भगिनींनो,

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे, ही पुन्हा आठवण. विषय: ओसाकातल्या मात्सुशिता कुटुंबाचा प्लग.

आपण रोज अँकरची बटणं बसवतो. मुंबईतल्या एका कुटुंबाने 1963 मध्ये सुरू केलेली ही कंपनी 2007 मध्ये ज्या जपानी समूहाने (म्हणजे आजच्या पॅनासोनिकने) घेतली, त्याची सुरुवातही घरातूनच झाली होती. 1917 मध्ये कोनोसुके मात्सुशितांनी वीज कंपनीतली नोकरी सोडली आणि घरीच होल्डर बनवायला घेतले. मदतीला पत्नी मुमेनो आणि तिचा धाकटा भाऊ तोशिओ. माल खपेना. मुमेनोंना अंगावरचे किमोनो गहाण टाकावे लागले. पंख्याच्या 1000 इन्सुलेटर प्लेटची ऑर्डर आली, तेव्हा कुठे घर सावरलं.

7 मार्च 1918 ला भाड्याच्या दुमजली घरात कारखाना सुरू झाला. बल्बच्या होल्डरमध्ये फिरवून बसवायचा त्यांचा प्लग बाजारभावापेक्षा सुमारे 30 टक्के स्वस्त होता, कारण त्याला गेलेल्या बल्बांच्या धातूच्या टोप्या लावल्या होत्या. आपण ज्या टोप्या भंगारात टाकतो, त्याच! मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. तोशिओंनी पुढे सान्यो ही इलेक्ट्रिक वस्तूंची कंपनी काढली, तेही बैठकीत सांगेन.

कुणाकडे बॅकेलाइटचे (जुन्या कडक प्लास्टिकचे) जुने होल्डर, टू-पिन प्लग, काळी गोल बटणं पडून असतील तर पुसून आणा. नव्या मुलांना उघडून दाखवायची आहेत. शिकाऊ मुलांना सोबत आणाच. स्क्रू-ड्रायव्हर आपापला.