आधी फटी बुजवा, मग हीटर निवडा

महोदय,
गॅसची पाइपलाइन न पोहोचलेल्या खेड्यांत घर उबदार ठेवायचे म्हटले की चर्चा लगेच 'कोणते यंत्र घ्यावे' यावर येते. माझ्या मते ती उलट्या टोकाने सुरू होते. थंडीच्या रात्री खिडकीच्या चौकटीजवळ ओला हात धरून पाहा. गार झुळूक लागली तर पैसा आधी तिथे घालावा. छताचेही तेच, कारण गरम हवा वरच जाते.

आता यंत्र. साधा विजेचा हीटर स्वस्त असतो तो फक्त विकत घेताना. एका युनिट विजेतून तो एकाच युनिटाइतकी उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट ऊब मिळते. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घसरते, आणि वीज गेली की तोही गप्प.

म्हणूनच लाकूड जाळायची, धुराडे असलेली आणि चहूबाजूंनी बंदिस्त शेगडी सरसकट मोडीत काढू नये. मात्र लाकूड वाळलेले हवे, ओलावा २० टक्क्यांच्या आत. ओला ओंडका टोकांतून सूं-सूं करत फेस सोडतो, बरीचशी आच पाणी उडवण्यातच जाते आणि धुराड्यात काजळी साठते ती वेगळीच. सिलिंडरचा गॅस सुटसुटीत खरा, पण रस्ता बंद झाला की संपलाच.

जळण कोणतेही असो, त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा अलार्म बसवल्याशिवाय पहिली काडी ओढू नये.

– एक वाचक